आपली चूक आधीं कोणाला कळावी?

मनुष्य चुकतो यांत नवल नाहीं, आणि चुकल्यावर सुधारतो यांतहि फारसें नवल नाहीं. विचार करण्याजोगी गोष्ट आहे ती या दोहोंच्या मधली. चूक घडणें आणि चूक सुधारणें यांच्या दरम्यान ती कळण्याचा एक क्षण असतो, आणि तो क्षण प्रथम कोणाच्या वाट्यास येतो यावर मनुष्याची बरीचशी प्रतिष्ठा अवलंबून असते. ज्याची चूक त्यालाच ती आधीं कळली, तर तो ती निमूटपणें दुरुस्त करतो आणि आपलें उत्तम असेल तेंच जगापुढें ठेवतो. ती आधीं दुसऱ्यास कळली, तर तीच चूक, तेवढीच लहान असूनहि, आरोप होऊन परत येते. बोलण्यांत हा प्रश्न फारसा उद्भवत नाहीं. तोंडांतून शब्द बाहेर पडला कीं तो बोलणाऱ्याचा आणि ऐकणाऱ्याचा एकाच वेळीं होतो. लेखनाची गोष्ट निराळी. लिहिलेलें पान आपल्यापाशीं ठेवतां येतें, पुन्हां वाचतां येतें, खोडतां येतें, आणि मनाजोगें झाल्यावर मगच दुसऱ्याच्या हातीं देतां येतें. लिहिणाऱ्याला मिळणारी ही जी सवड, तिच्यांत लेखनाचा अर्धा मोठेपणा आहे असें म्हटलें तरी चालेल.

ही सवड सर्वांना सारखी मिळते काय? हा प्रश्न एका अगदीं लहानशा दिसणाऱ्या बाबतींत तपासून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. कचेरींतील संगणकावर मजकूर लिहितांना एखादा शब्द चुकला, तर तो चुकला आहे हें डोळस मनुष्यास कसें कळतें, आणि ज्याला डोळ्यांनीं दिसत नाहीं त्यास कसें कळतें, एवढीच ती बाब. कोणी म्हणेल, हा तर कारागिरांनीं सोडवावयाचा प्रश्न. त्यांत तत्त्वविचाराला जागा कोठें? परंतु या बाबीच्या पोटांत नीतीचा एक जुना प्रश्न दडलेला आहे, आणि तो कारागिरांवर सोपवून मोकळें होतां येण्यासारखा नाहीं.

डोळस मनुष्याची सोय प्रथम पाहूं. तो लिहीत असतां एखादा शब्द यंत्राच्या यादींत सांपडला नाहीं, कीं त्या शब्दाखालीं एक तांबडी नागमोडी रेघ उमटते. मायक्रोसॉफ्टच्या 'वर्ड' या प्रोग्रामांत ही रेघ १९९५ सालच्या आवृत्तीपासून आली. शब्द यादीशीं ताडून पाहण्याची कल्पना मात्र त्याहून पुष्कळ जुनी. अमेरिकेंत एमआयटी येथें लेस अर्नेस्ट यांनीं १९६१ सालीं अशी यादी वापरली होती. स्टॅनफर्ड येथें राल्फ गोरिन यांनीं १९७१ सालीं केवळ शब्दतपासणीकरितां निराळा प्रोग्राम रचला. मधल्या काळांत, १९६४ सालीं, फ्रेड डॅमेरो यांनीं असें दाखविलें कीं तपासलेल्या चुकांपैकीं ८० टक्क्यांहून अधिक चुका एकाच प्रकारच्या घसरणीनें झालेल्या असतात: एक अक्षर गळलें, एक जादा पडलें, एक बदललें, किंवा शेजारच्या दोन अक्षरांची अदलाबदल झाली. यंत्र जी सूचना पुढें करतें ती बहुतेक याच हिशेबाच्या आधारें. म्हणजे हा कोणी व्याकरणशास्त्री नव्हे. हातांत यादी घेऊन दारांत उभा असलेला पहारेकरी आहे. पण त्या पहारेकऱ्याचा एक गुण मोठा आहे. तो आपलें म्हणणें फक्त लिहिणाऱ्याच्या कानांत सांगतो. चूक झाल्याचें तिसऱ्या कोणाला कळत नाहीं.

कानांत सांगतो, असें म्हटलें खरें. वास्तविक तो डोळ्यांना सांगतो, आणि घोटाळा नेमका येथेंच आहे. जो पडदा पाहूं शकत नाहीं, त्याच्याकरितां संगणकावर स्क्रीन रीडर नांवाचा निराळा प्रोग्राम असतो. पडद्यावरील मजकूर आवाजानें वाचून दाखविणें, किंवा ब्रेलच्या टिंबांनीं बोटांखालीं उमटविणें, हें त्याचें काम. मोटारसायकलच्या शर्यतींत भाग घेणारे टेड हेंटर हे अमेरिकन गृहस्थ १९७८ सालीं अपघातांत दृष्टि गमावून बसले. त्यांनीं काढलेल्या कंपनीचा 'जॉज' हा स्क्रीन रीडर १९८९ सालीं बाहेर आला. ऑस्ट्रेलियांतील मायकेल करन या अंध तरुणानें २००६ सालीं 'एनव्हीडीए' या प्रोग्रामास आरंभ केला, पुढें जेम्स तेह हा दुसरा अंध तरुण त्यास येऊन मिळाला, आणि तो प्रोग्राम आज कोणासहि विनामूल्य मिळतो. ज्यांची अडचण त्यांनींच ती दूर करण्यास कंबर कसल्याचीं हीं उदाहरणें ध्यानांत ठेवण्यासारखीं आहेत.

परंतु स्क्रीन रीडरविषयींचा एक गैरसमज येथें दूर केला पाहिजे. हा वाचक साधारणतः पडद्याकडे 'पाहत' नाहीं. तो लेखनाच्या प्रोग्रामास विचारतो: येथें कोणता मजकूर आहे, कोणतें बटण आहे, कांटा कोठें उभा आहे? आणि तो प्रोग्राम जेवढें सांगेल तेवढेंच हा पुढें सांगतो. तांबडी रेघ हें एक चित्र आहे. तें चित्र काढणाऱ्या प्रोग्रामानें 'अमुक अक्षरापासून तमुक अक्षरापर्यंतचा शब्द चुकीचा दिसतो' असा निरोपहि सोबत ठेवला असेल, तरच स्क्रीन रीडरला तें समजतें. अशा निरोपांकरितां ठरीव संकेत आहेत. वेबवरील पानांच्या संकेतांत तर एखादा मजकूर सदोष आहे हें सांगतांना तो दोष शुद्धलेखनाचा कीं व्याकरणाचा, हें वेगळें नमूद करण्याचीहि सोय आहे. निरोप ठेवला तर चूक ऐकूं येते. न ठेवला तर तीच चूक, त्याच पडद्यावर, तांबड्या रेघेसकट अदृश्य राहते. दहा डोळस माणसें मागें उभीं राहून ती पाहूं शकतात. जिनें ती लिहिली त्या व्यक्तीस मात्र तिचा पत्ता नसतो.

आतां कोणी विचारील, कीं वाचून दाखविणारा आवाज असतांना निराळ्या निरोपाची गरज काय? चुकलेला शब्द कानाला खटकणार नाहीं का? पुष्कळदां खटकत नाहीं, आणि मराठीपुरतें बोलावयाचें तर बहुधा खटकत नाहींच. 'आणि' हा शब्द दीर्घ वेलांटीनें 'आणी' असा लिहिला, तर आपल्या नेहमींच्या उच्चारांत काय फरक पडतो? 'परंतु' आणि 'परंतू' यांत कोणता कान भेद करील? ऱ्हस्वदीर्घाचा, आणि श व ष यांचा भेद आपण कागदावर जितक्या कसोशीनें पाळतों तितक्या कसोशीनें जिभेवर पाळीत नाहीं. आपलीं भाषणें चुकांनीं भरलेलीं नसतात. त्या चुका तेथें मुळीं अस्तित्वांतच नसतात. त्या जन्माला येतात कागदावर. इंग्रजीचीहि हीच तऱ्हा: 'रिसीव्ह' या शब्दांतील 'ई' आणि 'आय' यांची अदलाबदल झाली म्हणून उच्चार बदलत नाहीं. तात्पर्य, कानाला भाषा कळते, लेखन कळत नाहीं. एक एक अक्षर फोडून ऐकलें तर लेखनहि कळेल. पण चार पानांचा अर्ज एकेका काना-मात्रेनें ऐकत बसणें म्हणजे घर झाडण्याकरितां प्रत्येक विटेवर हात फिरविण्यासारखें आहे.

ब्रेलची गोष्ट वेगळी, हें येथें सांगितलें पाहिजे. लुई ब्रेल यांनीं आपली लिपि १८२९ सालीं प्रसिद्ध केली. भारतीय भाषांसाठीं तिच्याच आधारें ठरविलेली 'भारती ब्रेल' १९५१ सालीं मान्य झाली. तींत ऱ्हस्व इकार आणि दीर्घ ईकार यांचीं टिंबें निरनिराळीं आहेत, म्हणून ब्रेल वाचणाऱ्याचें बोट शुद्धलेखन शिकतें. डोळसाचा डोळा शिकतो तसेंच. परंतु संगणकाला जोडून बोटांखालीं ब्रेल उमटविणारें यंत्र महाग असतें, उतारवयांत दृष्टि गेलेल्यांस ब्रेल क्वचितच अंगवळणीं पडतें, आणि ज्यांचें सारें शिक्षण ऐकून झालें त्यांच्यापाशीं शब्दांचे उच्चार असतात, त्यांचीं रूपें नसतात. डोळस मनुष्याला चूक दाखविणारे दोन साक्षीदार आहेत, त्याची दृष्टि आणि तांबडी रेघ. त्यांतील एक गप्प बसला तरी दुसरा बोलतो. ज्याच्यापाशीं पहिला साक्षीदार नाहीं, त्याच्यापुरता दुसराहि मुका ठेवावा, याला काय म्हणावें?

यावर जो आक्षेप येतो तो वरवर मोठा सयुक्तिक दिसतो. दृष्टि नसलेल्या थोर ग्रंथकारांनीं दुसऱ्याच्या हातून लेखन करवून घेतलेंच कीं नाहीं? मिल्टनची दृष्टि १६५२ च्या सुमारास पूर्णपणें गेली, आणि १६६७ सालीं प्रसिद्ध झालेलें त्याचें 'पॅरडाइज लॉस्ट' हें महाकाव्य त्यानें इतरांस सांगून लिहविलें. आपल्याकडे विदर्भांतील गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) यांची दृष्टि अगदीं तान्हेपणीं गेली. तरी चौतीस वर्षांच्या आयुष्यांत त्यांनीं शंभरावर ग्रंथ सांगितले, आणि ते शिष्यांनीं लिहून घेतले. ज्यांना दिसत होतें त्यांनींहि लेखनिक ठेवलेच. महाभारत सांगणाऱ्या व्यासांना गणपति लेखक मिळाला, आणि ज्ञानेश्वरी उतरून घेण्याचें काम सच्चिदानंदबाबांनीं केलें, असें परंपरा सांगते. मग लेखनिकाच्या साहाय्यांत उणेपणा तो कसला?

उणेपणा कांहींच नाहीं. आणि कोणी तसा मानूंहि नये. परंतु व्यासांच्या त्या कथेंतच लेखनिकावर एक अट घातलेली आहे, तिचें मर्म पाहण्यासारखें आहे: अर्थ समजल्याशिवाय एक अक्षरहि लिहूं नये. सांगणाऱ्याला ही अट कां घालावी लागली? कारण दुसऱ्याच्या हातांत गेलेलें आपलें वाक्य आपलें राहीलच अशी खात्री नसते. ज्ञानेश्वरीचेंच पाहा. शके १२१२ मध्यें झालेल्या त्या ग्रंथांत नकलाकारांच्या हातून इतके पाठ शिरले, कीं जवळजवळ तीनशें वर्षांनीं, शके १५०६ मध्यें, एकनाथांना तो शोधून शुद्ध करावा लागला. एकनाथांसारखा शोधक प्रत्येक अर्जदाराला, प्रत्येक विद्यार्थ्याला आणि प्रत्येक कारकुनाला कोठून मिळावा? शिवाय मिल्टन किंवा गुलाबराव महाराज यांच्या ग्रंथांतील एखादी वेलांटी चुकली, तर वाचक तिचा दोष लेखनिकाकडे देतो. नोकरीसाठीं अर्ज करणाऱ्या अंध तरुणीच्या अर्जांतील वेलांटी चुकली, तर दोष तिच्याच पदरीं बांधला जातो. थोरांचीं उदाहरणें देऊन सामान्यांची अडचण झांकूं नये, ती याकरितां.

आणखी एक भेद आहे. मदत मागणें आणि मदतीवांचून गत्यंतर नसणें या दोन गोष्टी एक नव्हेत. डोळस लेखकहि आपलीं मुद्रितें दुसऱ्याकडून तपासून घेतो. परंतु मुद्रितें कोणाला दाखवावीं, केव्हां दाखवावीं, आणि एखादें पत्र कोणालाच दाखवूं नये, हें तोच ठरवितो. हा अधिकार किती मोलाचा आहे, हें यंत्रांच्या इतिहासांतील एका जुन्या प्रकरणावरून दिसेल. १८०८ च्या सुमारास इटलींतील पेलेग्रिनो तुरी यांनीं कारोलिना फान्तोनी या अंध उमराव स्त्रीकरितां टंकलेखनाचें एक यंत्र बनविलें. आज तें यंत्र उरलेलें नाहीं. तिनें त्यावर लिहिलेलीं कांहीं पत्रें मात्र जपून ठेवलेलीं आहेत. घरांत हुकूम झेलणारीं माणसें असतांना अशा यंत्राची गरज काय होती? पत्र सांगून लिहवितां येतें, पण सांगून लिहविलेल्या पत्रांत दोघांच्या मध्यें तिसरा येऊन बसतो. या यंत्रानें तो तिसरा उठवून लावला.

परंतु तें स्वातंत्र्य अर्धेंच होतें. कारोलिनेला लिहितां येऊं लागलें. आपण काय लिहिलें तें वाचतां येत नव्हतें. पुढील दीडशें वर्षांत टंकलेखन शिकून कितीतरी अंध स्त्रीपुरुषांनीं कचेऱ्यांत चोख काम केलें. त्यांचीहि स्थिति हीच होती. बोट घसरलें हें त्यांना कळलें तर तें बोटालाच कळे. कागद सांगत नसे. स्क्रीन रीडर आल्यावर दुसरी पायरी चढून झाली: लिहिलेलें वाचतां येऊं लागलें. तिसरी पायरी राहिली ती सुधारण्याची. लिहिणें, वाचणें आणि सुधारणें या तिन्ही क्रिया एकाच मनुष्याच्या हातांत आल्या, म्हणजे लेखन त्याचें झालें. त्यांतील तिसरी कोणाच्या तरी मर्जीवर असेल, तर पहिल्या दोहोंवरहि त्या मर्जीची सावली पडतेच.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. असे लिहिणारे असे किती असणार? त्यांच्याकरितां एवढा खटाटोप कां करावा? या आक्षेपांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती अशी, कीं जी गोष्ट द्यावयाची ती नव्यानें निर्माण करावी लागते. तसें असतें, तर खर्चाचा आणि लाभाचा हिशेब मांडणें निदान समजण्यासारखें होतें. परंतु येथें तशी स्थिति नाहीं. शब्द चुकला आहे हें यंत्राला कळून चुकलेलें आहे. तो शोधण्याचे श्रम झालेले आहेत. कोणत्या अक्षरापासून कोणत्या अक्षरापर्यंत रेघ ओढावयाची, हें ठरल्याखेरीज रेघ ओढतां येत नाहीं. म्हणजे सांगावयाचें तें सारें हाताशीं तयार आहे. उरलें तें फक्त सांगणें. सांगण्याची सोय करण्यास श्रम मुळींच पडत नाहींत असें आमचें म्हणणें नाहीं. पण वाटसरूला पाणी देण्याकरितां विहीर खणणें वेगळें, आणि भरलेल्या रांजणाचें झांकण काढणें वेगळें. एखाद्यास त्याच्याविषयींची गोष्ट ठाऊक असूनहि न सांगणें, आणि ती त्याच्या पाठीमागें इतरांस दिसूं देणें, याला दानाचा अभाव म्हणत नाहींत. याचें नांव वेगळें आहे, आणि तें अधिक कठोर आहे.

तिसरा आक्षेप उदार मनाच्या माणसांकडून येतो. ते म्हणतात, ऱ्हस्वदीर्घाचें एवढें काय घेऊन बसलां? विचार महत्त्वाचा, अंध मनुष्याच्या वेलांट्या आम्ही मोजीत नाहीं. हें ऐकावयास गोड लागतें. परंतु सवलत म्हणून दिलेली ही क्षमा कोणाला हवी आहे? शुद्धलेखनाचे नियम निरर्थक आहेत असें ज्याला वाटतें, त्यानें ते सर्वांकरितां रद्द करावे. त्या वादास आमची ना नाहीं. मात्र नियम सर्वांकरितां ठेवावयाचे आणि एकास तेवढें सांगावयाचें कीं 'तुझें चालतें', यांत आदर कमी आणि हद्दपारी अधिक. आपल्या भाषेनें या विद्येला नांवच 'शुद्धलेखन' असें दिलें आहे. ज्या समाजांत चुकलेल्या अक्षराला अशुद्ध म्हणतात, त्या समाजांत तें अक्षर लिहिणाऱ्याविषयीं मत बनण्यास वेळ लागत नाहीं. डोळस मनुष्याच्या लेखनांतील चूक ही घाईची चूक ठरते. अंध मनुष्याच्या लेखनांतील तीच चूक त्याच्या अंधत्वाची खूण ठरते. म्हणून क्षमेपेक्षां साधन द्यावें. ज्याच्यावर दोषाची जबाबदारी टाकावयाची त्याच्या हातीं दोष पाहण्याचें साधन असलें पाहिजे, हा न्यायाचा अगदीं पहिला धडा आहे. साधन न देतां जबाबदारी टाकणें हा जुलूम होय. आणि साधन देण्याचें टाळण्याकरितां जबाबदारीच काढून घेणें हा त्याच जुलमाचा गोड बोलणारा भाऊ होय.

येथवर 'सांगावें' एवढेंच म्हटलें. पण कसें सांगावें, हा प्रश्नहि केवळ कारागिरीचा नाहीं. रेघ जागेंत असते आणि आवाज काळांत असतो. डोळस मनुष्य तांबड्या रेघेकडे कानाडोळा करून वाक्य पुरें करूं शकतो. रेघ बिचारी वाट पाहत राहते. आवाज वाट पाहत नाहीं. प्रत्येक चुकलेल्या शब्दापाशीं 'चूक, चूक' असें कोणी कानाशीं ओरडूं लागलें, तर लिहिणाऱ्याचा विचारच तुटून जाईल. डोळा मिटतां येतो, कान मिटतां येत नाहीं. म्हणून रेघेचा शब्दशः आवाज करून दिला म्हणजे समता झाली, असें नाहीं. एनव्हीडीएमध्यें चुकीची सूचना शब्दांनीं ऐकावी कीं नुसत्या खुणेच्या आवाजानें, लिहितांना ऐकावी कीं पुन्हां वाचतांना, किंवा मुळींच ऐकूं नये, हें लिहिणाऱ्याला ठरवितां येतें. या लहानशा व्यवस्थेंत मोठें शहाणपण आहे. समता म्हणजे दोघांना एकच वस्तु देणें असा अर्थ न घेतां, दोघांना आपापल्या कामावर सारखाच ताबा देणें असा घेतला पाहिजे.

ताबा म्हटला कीं पुढच्या गोष्टी ओघानेंच येतात. चूक आहे एवढें कळून भागत नाहीं. ती कोणत्या वाक्यांत आहे, तिच्या जागीं कोणते शब्द सुचविले आहेत, आणि त्यांतील कोणता कसा लिहिला आहे, हेंहि कळलें पाहिजे. 'दिन' आणि 'दीन' हे दोन शब्द यंत्रानें एकापुढें एक वाचून दाखविले, तर ऐकणाऱ्यास एकच शब्द दोनदां ऐकूं येतो. म्हणून शब्द उच्चारून पुन्हां अक्षरांनीं फोडून सांगावा लागतो. निवड केल्यावर लिहिणाऱ्यास आपल्या मूळ जागीं परत येतां आलें पाहिजे, आणि हें सारें माऊसवांचून, नुसत्या कळफलकानें करतां आलें पाहिजे. शिवाय एकदां बसलेली घडी कारण नसतां मोडूं नये. वर्डच्या २०१३ च्या आवृत्तींत तपासणीची जुनी चौकट जाऊन तिच्या जागीं पानाच्या कडेला उघडणारा पट्टा आला. डोळस मनुष्याला एवढ्यासाठीं नजर वीतभर बाजूला न्यावी लागली असेल. परंतु ज्यानें सारी वाट कळांच्या क्रमानें पाठ केलेली असते, त्याच्या दृष्टीनें असा बदल म्हणजे रात्रींतून घरांतील सामान हलवून ठेवण्यासारखा आहे. अंध मनुष्य राहत असलेल्या घरांत खुर्ची सरकवितांना घरचीं माणसें त्याला आधीं सांगतात. हें सौजन्य घरांत सर्वांना समजतें. यंत्रांच्या कारखान्यांत तें समजावून सांगावें लागतें, एवढाच फरक.

कायद्यानें या दिशेनें कांहीं पावलें टाकलेलीं आहेत. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयींचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००६ सालचा. भारतानें तो २००७ सालीं मान्य केला, आणि त्यास अनुसरून २०१६ सालीं दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा केला. ३० एप्रिल २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें, ग्राहकाची ओळख ऑनलाइन पटविण्याच्या पद्धतीविषयींच्या खटल्यांत, डिजिटल सेवा मिळण्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या कलमांतील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचें सांगितलें. हें सर्व स्वागतार्ह आहे. परंतु कायदा दार उघडें आहे कीं नाहीं तें पाहतो. आंत गेल्यावर मनुष्याला स्वतःच्या कामाचें धनीपण मिळतें कीं नाहीं, हें सहसा त्याच्या नजरेस येत नाहीं. 'प्रोग्राम चालतो' असा दाखला मिळूनहि त्यांतील तांबडी रेघ मुकी असूं शकते.

शेवटीं एक सावधगिरीची सूचना. यंत्राला चूक कळते असें आपण म्हणतों, पण त्याला कळतो तो फक्त यादीबाहेरचा शब्द. दिन लिहावयाचें तेथें 'दीन' लिहिलें, तर दोन्ही शब्द यादींत असल्यानें तें स्वस्थ राहतें. उलट, मराठींत एकाच शब्दाला प्रत्यय लागून इतकीं रूपें होतात, कीं पुष्कळ निर्दोष शब्दहि यादीबाहेर पडतात. मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम महाराष्ट्र शासनानें १९६२ सालीं स्वीकारले; त्यांपूर्वींच्या रीतीनें, अनुस्वार देऊन लिहिलेला मजकूर आजच्या यंत्रापुढें ठेवला, तर त्याची ओळ न् ओळ तांबडी होईल. म्हणून तो लिहिणारा अडाणी ठरत नाहीं. रेघ हा निकाल नव्हे, ती शंका आहे. आणि शंकेचा निकाल लिहिणाऱ्यानें द्यावयाचा असतो. 'होय, चुकलों' म्हणण्याचा त्याला जसा अधिकार आहे, तसाच 'नाहीं, मला हेंच लिहावयाचें आहे' असें म्हणण्याचाहि आहे. परंतु जी शंका आपल्यापर्यंत पोहोंचलीच नाहीं, तिला 'नाहीं' तरी कसें म्हणावें? ज्याला चूक ऐकूं येत नाहीं, त्याच्याकडून सुधारण्याचा अधिकार जातो, आणि हट्टानें न सुधारण्याचाहि जातो. दुसरा अधिकार गेलेला अधिक लागतो, कारण लेखकाची शैली पुष्कळदां त्याच्याच आश्रयानें राहते.

लेखनाचा एखादा प्रोग्राम बाजारांत आणण्यापूर्वीं त्याच्या कर्त्यांनीं एक साधी परीक्षा करून पाहावी. एका अंध कारकुनास त्यावर एक पान लिहावयास सांगावें, खोली रिकामी करावी, आणि त्यानें तें पान स्वतः तपासून, स्वतः दुरुस्त करून आपल्या हातीं दिल्यावर मगच तें वाचावें. त्यांत चूक राहिलीच, तर ती पाहूनहि त्यानें राहूं दिलेली असावी. तसें म्हणतां येईल तेव्हां ती चूक त्याची होईल. तोंपर्यंत ती यंत्र करणाऱ्यांची आहे.